आपला इतिहास कसा वाचावा?

आपल्या समाजातील अनेक मुलेमुली आज विद्यापीठांत शिकत आहेत. पूर्वजांविषयी प्रबंध लिहावयाचा झाल्यास आरंभ कोठून करावा, असा प्रश्न त्यांना पडतो. त्याचे उत्तर येथे यथामती देत आहोत.

पहिला मान हाईम सॅम्युएल केहीमकर यांचा. त्यांनी १८९७ साली पूर्ण केलेला इंग्रजी इतिहास त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. तो १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' हे सारे त्यात आहे. परंतु गलबताचा काळ त्यांनी इसवी सनापूर्वी सुमारे १७५ मानला, तो अनुमानाने. त्या काळचा लेख उपलब्ध नाही. कोचीनच्या यहेज्केल रहाबी यांनी १७६८ साली हॉलंडला पाठविलेल्या पत्रात मात्र आपल्या समाजाचा उल्लेख सापडतो. परंपरा आणि पुरावा ही दोन्ही आदरणीय आहेत. पण ती एक नव्हेत, हा संशोधनाचा पहिला धडा होय.

धर्मविषयक लेखनासाठी बेंजामिन इस्रायल यांची १७५० नंतरच्या आपल्या धार्मिक वाटचालीवरील पुस्तिका (१९६३) आणि १९८४ सालचा निबंधसंग्रह वाचावा. स्वकीयांविषयी निःपक्षपातीपणे कसे लिहावे, हे त्यातून शिकता येते. शर्ली बेरी आयझेनबर्ग यांचा १९८८ सालचा ग्रंथ संदर्भासाठी हाताशी असावा.

आता आकड्यांविषयी. भारताच्या शिरगणतीत १९५१ साली सुमारे सव्वीस हजार, तर २०११ साली साडेचार हजारांवर यहुदी नोंदले गेले. हे सर्व बेने इस्रायल नव्हेत. बगदादी व कोचिनीही त्यांत आले. तेव्हा आकडा उतरवून घेण्यापूर्वी कोणाची मोजणी झाली, हे पाहावे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनात आपल्या रक्तात यहुदी व भारतीय असे दोन्ही वारसे आढळले, आणि त्यांचा संकर १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला असावा असे गणित मांडले गेले. काहींनी यावरून आपले पूर्वज तेव्हाच कोंकणात आले, असा निष्कर्ष काढला. तो चूक आहे. संकराचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. १९६२ साली मुख्य रब्बीमंडळाने आपल्या विवाहांसाठी मातृवंशाच्या चौकशीचे नियम काढले, तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांना यरुशलेमच्या रस्त्यावर धरणे धरावे लागले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि पुढे त्या नियमांतून आपल्या समाजाचे नाव वगळले गेले. तो प्रश्न धर्मशास्त्राचा व न्यायाचा होता. रक्ताच्या तपासणीने तो सुटला नसता, आणि आजही कोणी तसा सोडवू पाहील तर त्यास ठामपणे नकार दिला पाहिजे.

म्हणून आमची तरुणांस विनंती अशी की, परंपरेला परंपरा म्हणावे, आकड्याला आकडा म्हणावे आणि धर्मनिर्णय धर्मग्रंथांच्या आधारे तपासावा. घरात आजीआजोबांचे केतुबा, जुनी पत्रे अथवा मराठी हग्गादा असेल तर ती जपून ठेवावी. मराठी वाचणारे डोळे घरात आहेत तोवरच त्यांच्या शेजारी बसून ती वाचून घ्यावी.