स्का : उसन्या सुरांतून स्वतःच्या लयीकडे

१९५० च्या दशकात किंग्स्टनच्या श्रमिक वस्त्यांत, प्रचंड ध्वनिवर्धकांच्या ‘साउंड सिस्टिम’भोवती रात्री नाच रंगत. वाद्यवृंद न परवडणाऱ्यांचे ते सभागृहच होते. तबकड्या मात्र अमेरिकी ऱ्हिदम अँड ब्लूजच्या असत. अमेरिकेची अभिरुची रॉक अँड रोलकडे वळली आणि तशा नव्या तबकड्या दुर्मिळ झाल्या. तेव्हा ड्यूक रीड, कॉक्सन डॉड यांनी स्थानिक वादकांकडूनच ध्वनिमुद्रणे करवून घेतली. या उसन्या संगीताचा बेटावरील ‘मेंटो’ या लोकसंगीताशी संगम होऊन स्का जन्मला. तालातील दुय्यम मात्रांवर गिटार-पियानोचा आघात, हे त्याचे मर्म होय.

१९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला आणि स्का त्या उल्हासाचा स्वर ठरला. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्कॅटलाइट्स’मधील डॉन ड्रमंडसारखे वादक वंचित मुलांसाठीच्या अल्फा शाळेत घडले होते. पुढे लय मंदावली. १९६६ च्या सुमारास रॉकस्टेडी व १९६८ च्या सुमारास रेगे अवतरले.

स्थलांतरितांसमवेत स्का इंग्लंडला पोहोचला. वर्णद्वेष उसळला असताना, १९७९ मध्ये कॉव्हेंट्रीत उदयास आलेल्या ‘टू टोन’ने काळ्या-गोऱ्या तरुणांना एका मंचावर आणले. दुय्यम मात्रेला मान देणारी ही लय दुय्यम लेखलेल्या माणसांनी घडविली, हा केवळ योगायोग नव्हे.