साहेब, माझा पगार कुठल्या हप्त्यातून येणार?

मला आज विमा-नोकऱ्यांच्या इतिहासावर बोलायला सांगितलंय. पण समोर बी.कॉम. झालेली बरीच मुलं-मुली दिसतात, आणि त्यातल्या काहींच्या येत्या महिन्यात विमा कंपन्यांत मुलाखती आहेत असं मघाशी चहाच्या वेळी कळलं. तेव्हा सनावळीपासून नको, मुलाखतीपासूनच सुरुवात करू.

मुलाखत संपत आली की समोरचे साहेब विचारतात, "तुम्हाला काही विचारायचंय?" आपण म्हणतो, "नाही सर." घरची शिकवणच तशी असते, मोठ्यांपुढे जास्त बोलू नये. फार तर पगाराचं विचारतो, तेही चाचरत. विम्याच्या धंद्यात हे "नाही सर" महागात पडतं. का, ते सांगतो.

आयुर्विम्याचं गणित आधी लक्षात घ्या. नवी पॉलिसी मिळवताना सगळ्यात जास्त खर्च पहिल्या वर्षी होतो. एजंटाचं कमिशन, त्याच्यावर देखरेख करणाऱ्याचा पगार, डॉक्टरी तपासणी, कागदपत्रं. पहिल्या हप्त्याचा मोठा भाग त्यातच जातो. ग्राहकाने दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या वर्षी हप्ता भरला तरच कंपनीचं जमतं. म्हणजे कंपन्या दोन तऱ्हेच्या झाल्या. एक जुन्या ग्राहकांच्या हप्त्यांवर उभी असलेली, दुसरी दर महिन्याला नवा माणूस गळाला लावला तरच तग धरणारी. बाहेरून दोन्हींच्या पाट्या सारख्याच चकचकीत. आत काम करणाऱ्याचं आयुष्य मात्र पार वेगळं.

हे आजचं नाही. 1870 मध्ये बॉम्बे म्युच्युअल सुरू झाली. त्याआधी भारतीयांचा विमा उतरवायला कंपन्या जादा दर लावत, या संस्थेने तो सर्वसाधारण दराने उतरवला. 1874 मध्ये मुंबईतच ओरिएंटल निघाली. पुढे स्वदेशीच्या चळवळीत तर विमा कंपन्यांचं पीकच आलं. 1907 ची हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह जोरासांकोला, रवींद्रनाथांच्या वाड्यातल्या एका खोलीत सुरू झाली. आपल्याकडे साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी 1913 मध्ये वेस्टर्न इंडिया काढली. साताऱ्यासारख्या गावात शिकलेल्या पोराला सरकारी कचेरी आणि शाळामास्तरकी सोडून तिसरी वाट मिळाली, ही लहान गोष्ट नव्हती.

पण कंपन्या वाढल्या तशी ओढाताणही वाढली. एजंट आपल्या कमिशनातला वाटा ग्राहकाला परत देऊन पॉलिसी मिळवायचे. 1938 च्या विमा कायद्यातलं 41 वं कलम या सवलतबाजीवर बंदी घालतं, आणि ते आजही लागू आहे. मुलाखतीला जाण्याआधी एवढं एक कलम वाचून जा. तरीही नव्या धंद्यापायी होणारा खर्च आटोक्यात येईना. मध्ये प्रिन्सिपल एजन्सी नावाचा आणखी एक थर बसलेला होता. 1950 च्या दुरुस्तीने तो काढून टाकला आणि व्यवस्थापनाच्या खर्चावर मर्यादा घातल्या. खर्च किती करायचा हे कायद्याने सांगावं लागलं. कंपन्यांचं परस्परांत काय चाललं होतं, ते यावरून कळतं.

मग आला 19 जानेवारी 1956. आयुर्विमा कंपन्यांचा कारभार सरकारने वटहुकमाने हातात घेतला आणि अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून ते देशाला सांगितलं. 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. 154 देशी कंपन्या, 16 परदेशी आणि 75 प्रॉव्हिडंट सोसायट्या, मिळून 245 संस्था एका छताखाली. आपण हा इतिहास मालकांच्या बाजूने वाचतो. कोणाची कंपनी गेली, किती भरपाई मिळाली. जरा टेबलाच्या अलीकडे बसून बघा. 245 ठिकाणचे पगार वेगळे, हुद्दे वेगळे, बढतीचे नियम वेगळे. कारकुनाला काहीतरी श्रेणी लावता येते. फिरतीवर धंदा आणणाऱ्याचं काय करायचं? त्यासाठी डिसेंबर 1957 मध्ये सरकारने क्षेत्र अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींबद्दल स्वतंत्र आदेश काढला. त्याला 'ब्लू ऑर्डर' म्हणत. त्यात मुद्दा तोच होता, या माणसाने किती धंदा आणायचा आणि नाही आणला तर त्याचं काय करायचं. धंदा कमी पडला म्हणून नोकरी गेलेल्यांचे खटले सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. सरकारी मालकी आली म्हणून टार्गेट गेलं, असं झालं नाही.

आता यातून निघणारा प्रश्न. "माझा पगार कुठल्या हप्त्यातून येणार?" असं थेट विचारलंत तर साहेब चमकतील. त्याची धंद्यातली भाषा आहे. "सर, तुमच्या कंपनीचा तेराव्या महिन्याचा पर्सिस्टन्सी रेशो किती?" विकलेल्या पॉलिसींपैकी वर्षभराने किती चालू राहिल्या, त्याचं हे प्रमाण. एकसष्टाव्या महिन्याचंही असतं. कंपन्यांना हे आकडे आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. मग विचारायचं कशाला? आपल्याला आकडा ऐकायचाच नसतो. तो आदल्या रात्री बघून जायचा, आणि विचारायचं, "ज्या शाखेत मला घेताय तिचा किती? आणि पॉलिसी बंद पडली तर ती माझ्या खात्यावर कशी धरता?" शाखेचं उत्तर संकेतस्थळावर मिळत नाही.

2000 मध्ये खाजगी कंपन्या आल्या, युलिपची लाट आली, हजारो तरुण भरती झाले. 1 सप्टेंबर 2010 पासून नियामकाने युलिपचा लॉक-इन तीन वर्षांवरून पाच केला आणि आकारांना लगाम घातला. त्यानंतर शाखा बंद झाल्या, एजंट गळाले. नवीन पॉलिसीच्या जोरावर पगार मिळणाऱ्यांवर आधी कुऱ्हाड पडली.

दुसरी गोष्ट थोडक्यात सांगतो. जे कबूल करतील ते लेखी मागा. 1974 मध्ये महामंडळ आणि तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतले कर्मचारी यांच्यात करार झाला, त्यात 15 टक्के बोनस होता. आणीबाणीत, 1976 मध्ये, संसदेने खास कायदा करून तो बोनस काढून घेतला. कर्मचारी कोर्टात गेले. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी तो कायदा रद्द ठरवला. सरकार आणि संसद समोर असताना कर्मचारी टिकले, कारण हातात सह्या झालेला करार होता. "इन्सेंटिव्ह चांगला मिळतो हो" एवढ्या तोंडी वाक्यावर कुठलं कोर्ट उभं करणार?

माझ्याच एका विद्यार्थ्याची गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही. त्याला 'रिलेशनशिप मॅनेजर' म्हणून घेतलं. पहिल्या महिन्यात मामा, मावशी आणि शेजारचे काका यांच्या पॉलिसी झाल्या. चौथ्या महिन्यात नातेवाईक संपले, आठव्यात नोकरी. पुढच्या वर्षी मामांनी हप्ता भरला नाही आणि दिवाळीला बोलणंही बंद झालं.

त्याची धाकटी बहीण मागच्या वर्षी मुलाखतीला गेली. भावाचं पाहिलेलं होतं. तिने विचारलं, "सर, या जागेवर आधी कोण होतं, आणि ते किती महिने टिकले?" साहेब हसले, शेजारच्या मॅडमकडे वळले आणि म्हणाले, "काय सांगायचं हिला?" मॅडमनी खरं ते सांगितलं. दोन वर्षांत तिघे. मुलीने नोकरी घेतली, पण क्लेम्स विभागात मागून घेतली. अजून आहे तिथे.