ठसा, कातर आणि शुभेच्छापत्र

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि वंशावळी एवढेच बहुधा आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. एका माणसाने दुसऱ्याचे बरे चिंतिले, ते कागदावर कसे उतरविले, तो कागद कसा कातरला, त्यावर कसला ठसा उठविला, हाही इतिहासाचा विषय होऊ शकतो असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शाळेतली मुले भेंडीचा आडवा काप रंगात बुडवून कार्डावर फुले उमटवितात. आपण त्याला ‘हस्तकलेचा तास’ म्हणतो आणि विसरून जातो. परंतु या साध्या खेळामागे अनेक शतकांची कारागिरी उभी आहे आणि तिचे काही धागे आपल्या मराठवाड्यातूनच निघालेले आहेत. आज ते धागे थोडे उलगडून पाहावयाचे आहेत.

आरंभ कागदापासूनच केला पाहिजे. दौलताबादहून खुलताबादेकडे जाताना वाटेत कागजीपुरा नावाचे गाव लागते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस आणली, त्या धामधुमीत कागद करणारे इकडे आले अशी परंपरा सांगतात. चिंध्या आणि ताग कुटून त्यांचा लगदा करावयाचा, तो पाण्याच्या हौदात कालवावयाचा, गवताच्या काड्यांची चटई चौकटीवर ताणून ती हौदात बुडवून अलगद उचलावयाची. पाणी गळून जाते आणि चटईवर कागदाचा पातळ थर राहतो. तो वाळवून त्यास खळ द्यावयाची आणि गुळगुळीत दगडाने घोटावयाचे, म्हणजे बोरूची शाई पसरत नाही. दौलताबादी आणि जुन्नरी कागद ही नावे जुन्या दप्तरांच्या अभ्यासकांस परिचित आहेत. ज्या कागदावर मराठ्यांचे राजकारण चालले तो असा हाताने घडलेला होता, हे विसरता कामा नये.

या कागदावर उमटणारा आपल्याकडील सर्वांत प्रतिष्ठित ठसा म्हणजे मुद्रा. शिवछत्रपतींची अष्टकोनी राजमुद्रा सर्वांस ठाऊक आहे. तिच्या जोडीला पत्राच्या अखेरीस मर्यादेची मुद्रा असे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढविल्यास ते खोटे, हा तिचा अर्थ. ‘शिक्कामोर्तब झाले’ असे आपण आजही म्हणतो, ते या व्यवहारातूनच आलेले आहे. शिक्क्याचे सारे मोल त्याच्या सारखेपणात होते. शंभर पत्रांवर शंभर वेळा तोच ठसा तंतोतंत उमटला पाहिजे. किंचित फरक दिसला तरी संशय यावयाचा.

परंतु दरबारात सत्तेचा ठसा उमटत होता तेव्हा घरोघरी मंगलाचा ठसाही उमटतच होता. लग्नघराच्या भिंतीवर हळदीकुंकवाचे हात, उंबऱ्याशी लक्ष्मीची पावले, भोके पाडलेल्या छापातून दारापुढे झरझर उमटणारी रांगोळी, हे सगळे ठसेच होत. पत्रिकेच्या कोपऱ्याला कुंकू लावून ती पाठविणे, दसऱ्याला आपट्याचे पान ‘सोने’ म्हणून लखोट्यात घालणे, संक्रांतीला दूरच्या आप्तांस पत्राबरोबर चिमूटभर तिळगूळ धाडणे, या चाली ज्या समाजात होत्या त्याला शुभेच्छापत्र ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. विलायतेहून आली ती केवळ त्याची घडी.

ती घडी कशी पडली हे आता पाहू. इंग्लंडात १८४० मध्ये एका पेनीत पत्र देशभर जाऊ लागले. नाताळात पत्रांचा पाऊस पडू लागला तेव्हा प्रत्येकास उत्तर लिहिण्याच्या त्रासातून सुटण्यासाठी हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले, त्याच्या सुमारे हजार प्रती शिळाछापावर छापविल्या आणि त्या हाताने रंगविल्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे गरिबाच्या आवाक्याबाहेरची. त्यापूर्वीच, १८३४ च्या सुमारास, जोसेफ ॲडनब्रूक या कारागिराने एक युक्ती शोधली होती. साच्यात दाबून कागदावर उठाव आणावयाचा आणि मग उठलेला भाग कानशीने घासून काढावयाचा. राहते ती कागदाची जाळी, हुबेहूब लेससारखी. अमेरिकेत वूस्टर गावच्या एस्थर हाउलँड या तरुणीने १८४०–५० च्या दशकाच्या अखेरीस अशी लेस आणि कापलेली रंगीत चित्रे जोडून प्रेमपत्रे करण्याचा धंदा घरीच मांडला. एका बाईने कापावे, दुसरीने चिकटवावे अशी कामाची वाटणी करून तिने अनेक स्त्रियांस काम दिले. ठसा, कातर आणि डिंक यांवर उभा राहिलेला हा स्त्रियांचा उद्योग होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडे ठशाच्या विद्येने निराळी वाट धरली. नाना फडणविसांच्या काळी पुण्यास इंग्रज वकिलातीच्या सान्निध्यात एका तांबट कारागिरास अक्षरे कोरण्याची कला अवगत झाली. गीता कोरून छापण्याचा नानांचा मनोदय होता, पण १८०० मध्ये ते वारले. पुढे मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. पुढल्या काळात जावजी दादाजींनी १८६४ मध्ये मुंबईस टाइप ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. पोलादावर अक्षर कोरावयाचे, ते नरम धातूवर ठोकून साचा करावयाचा आणि त्यात शिसे ओतून खिळा पाडावयाचा. एका ठशातून दुसरा, दुसऱ्यातून हजारो, हे त्याचे मर्म होय.

कातरलेल्या सजावटीचे देशी उदाहरण पाहावयाचे तर राजा रविवर्म्याच्या छापखान्याकडे वळावे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती घरोघरी नेल्या. पुष्कळ घरांतून स्त्रियांनी त्या छापील देवींच्या साडीवर खरे कापड कातरून चिकटविले, जर लाविली, टिकल्या जडविल्या. यंत्राने हजारो प्रती सारख्या केल्या आणि हातांनी त्यांतील एकेक पुन्हा वेगळी केली. हस्तनिर्मित शुभेच्छापत्राचे सारे रहस्य मला या एका गोष्टीत दिसते.

टपालाचा विचार केल्याविना हा विषय पुरा होत नाही. हिंदुस्थानात १८५४ मध्ये अर्ध्या आण्यात पत्र कोठेही जाऊ लागले आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. किनवटची गोष्ट थोडी वेगळी होती. हा मुलूख निजामाचा, आणि संस्थानाने १८६९ पासून स्वतःची तिकिटे काढलेली होती. संस्थानचे टपालखाते भारतीय खात्यात मिसळले ते १९५० मध्ये. शिवाय १९५६ पर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो आणि इस्लापूर मंडळ नांदेडकडे आले. तोवर चित्रांसाठी आणि लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेले निर्मळ आणि आपण एकाच जिल्ह्याचे रहिवासी होतो. सीमा बदलली म्हणून हाताच्या सवयी बदलत नाहीत.

छापखान्यांतून कातरकामाला पुढे यंत्राची जोड मिळाली. पोलादाची धारदार पत्ती हव्या त्या आकारात वाकवून लाकडी फळीच्या खाचेत बसवितात, पत्तीच्या दोन्ही अंगांस रबराचे तुकडे लावतात आणि ही फळी ट्रेडल यंत्रात चढवितात. दाब पडला की कागद कापला जातो आणि रबर तो पत्तीपासून सोडवून बाहेर ढकलते. बोथट पत्ती बसविली तर कागद न कापता त्यावर घडीची रेघ पडते. लग्नपत्रिकेवरचा कातरलेला गणपती या रीतीनेच निघतो. आता हेच काम घरच्या मेजावर मावणाऱ्या, हाताने फिरवावयाच्या रुळाच्या छोट्या यंत्रावरही होते.

हाताच्या कामाला शिक्षणात मान मिळावा हा विचार १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडला. त्यांच्याच प्रेरणेने १९४० मध्ये पुण्यास हातकागदाची संस्था उभी राहिली आणि मरू घातलेल्या विद्येला आसरा मिळाला. १९४९ मध्ये युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र निघाले, त्यावरचे चित्र चेकोस्लोव्हाकियातील सात वर्षांच्या यित्का सामकोव्हा या मुलीने काढलेले होते. युद्धाने पोळलेल्या देशातील एका पोरीच्या हाताचे चित्र जगभर गेले.

आता मुख्य प्रश्न. शुभेच्छा क्षणात आणि फुकट पोचविणारे दूरध्वनी प्रत्येकाच्या खिशात असता हा खटाटोप करावा कशासाठी? हौस म्हणून, असे उत्तर मी देणार नाही. आपल्या तालुक्यात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी बोलली जाते. बाजारात मिळणाऱ्या तयार कार्डावर गोंडी किंवा कोलामीत लिहिलेली शुभेच्छा मिळेल काय? कारखानदार हजारोंचा हिशेब पाहतो. त्याला ते परवडणार नाही. हाताने ठसा कोरणाऱ्या मुलाला मात्र ते सहज परवडते. त्याच्या भाषेची दहाच कार्डे लागत असतील तर तो दहाच करील. शिवाय ठशाला साग चांगला, आणि सागाचे रान तर आपल्या दारात आहे. सुताराच्या कामातून उरलेला तुकडा, एक टोकदार पटाशी, बाभळीचा डिंक आणि कात्री एवढ्या भांडवलावर हे काम होते.

मुद्रेचे मोल सारखेपणात होते असे मी प्रारंभी म्हटले. शुभेच्छापत्राचे मोल याच्या नेमके उलट आहे. हाताने उठविलेला ठसा एकदा गडद पडतो, एकदा फिका. कातर एखादे वेळी रेघ सोडून जाते. राजाच्या पत्रात हा दोष ठरला असता. आजीच्या हाती पडणाऱ्या पत्रात मात्र नातवाने आपल्यासाठी बसून हे केले याचा तोच पुरावा ठरतो. ज्या लोकांची भाषा छापखान्यापर्यंत पोचली नाही त्यांच्या मुलांनी आपल्या बोलीतील पहिला ठसा स्वतःच्या हाताने कोरावा. पुढे एखादा इतिहासकार या मुलखाचे दप्तर चाळू लागेल तेव्हा शिक्कामोर्तब झालेल्या कागदांबरोबर ही कार्डेही त्यास सापडोत.