वाट दाखवणारा नकाशा

वाचकहो, परक्या गावी वाट विचारली, तर शहाणा माणूस गावचा इतिहास सांगत बसत नाही. "वडापासून डावीकडे वळा," एवढंच म्हणतो. लंडनच्या भुयारी रेल्वेचे जुने नकाशे मात्र जमिनीवरची अंतरे अन् वळणे शक्य तेवढी जपत. परिणामी मध्यभागी स्थानकांच्या नावांची दाटी, अन् दूरची काही स्थानके कागदाबाहेर!

१९३१ साली हॅरी बेक या आरेखकाने निराळा विचार केला. भुयारातल्या उतारूला हवं काय? कोणत्या मार्गाने जावं अन् गाडी कुठे बदलावी, एवढंच ना! त्याने रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत आखल्या. वरच्या जगातली खूण म्हणून थेम्स नदी तेवढी ठेवली. वरिष्ठांनी हा नकाशा आधी नाकारला. पण जानेवारी १९३३ मध्ये तो छापून निघाला, अन् लोकांनी उचलून धरला.

याची किंमतही पडली. जवळची स्थानके दूर भासतात, अन् चार पावलांसाठी माणूस गाडी धरतो. तरी धडा मोलाचा आहे. आज संकेतस्थळ रचणारे पुष्कळदा कचेरीतली खातीच ओळीने मांडतात. साधा दाखला हवा असलेला माणूस मात्र दाराशीच चुकतो. मांडणी कोणाच्या सोयीची, आपल्या की येणाऱ्याच्या? रचणाऱ्याने आधी हे स्वतःला विचारावं.