भाजल्याचा व्रण कसा टाळावा?

कुकरची वाफ, उकळता चहा किंवा तापलेला तवा यांनी भाजल्यावर व्रण राहील की नाही, हे मुख्यतः जखम किती खोल आहे आणि किती दिवसांत भरते यावर ठरते. दोन आठवड्यांत भरलेली जखम सहसा व्रण ठेवत नाही. तीन आठवड्यांहून जास्त रेंगाळल्यास जाड व्रणाची शक्यता वाढते.

म्हणून भाजताच तो भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. फोड फोडू नयेत, खपली काढू नये. चेहरा, हात किंवा सांधा भाजल्यास, तसेच लहान मूल भाजल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे.

जखम पूर्ण भरल्यावर तो भाग उन्हापासून जपावा, नाहीतर डाग गडद होतो. व्रण जाड होऊ लागल्यास सिलिकॉन जेल किंवा पट्टी दोन-तीन महिने नियमित वापरतात. व्रण मूळ जखमेच्या कडेबाहेर वाढत गेला, तर तो केलॉइड असू शकतो. त्यावर त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. तो नुसता कापून काढल्यास अनेकदा पुन्हा वाढतो. साधा व्रण मऊ व फिका व्हायला वर्ष-दीड वर्षही लागते.