छिद्राचं माहेर

बेडकाच्या कातडीतली, पतंगाच्या रक्तातली, आपल्या आतड्यातली इवली पेप्टाइडं जंतूंच्या पेशीपटलाला भोकं पाडून त्यांना मारतात, हे आता सर्वमान्य आहे. या शोधाचे ठळक टप्पे परिचितच आहेत. १९३९ साली रेने द्युबो यांनी मातीतल्या जिवाणूपासून ग्रामिसिडिनची वाट दाखवली. १९८१ साली स्वीडनमध्ये हान्स बोमन यांच्या गटाने पतंगाच्या रक्तातलं सिक्रोपिन ओळखलं, तर १९८७ साली अमेरिकेत मायकेल झासलॉफ यांनी आफ्रिकी बेडकाच्या कातडीतलं मॅगेनिन जगापुढे आणलं. मला ओढ लागली ती वेगळ्याच प्रश्नाची. या भोकाला ठरावीक आकार असतो, त्याला भिंती असतात, हे चित्र मुळात कुणाच्या मनात आलं?

माग काढत गेलो तो फिलाडेल्फियातल्या एका मानसोपचार संस्थेत पोचलो. तिथल्या पॉल म्युलर आणि डोनाल्ड रुडिन यांना जंतू मारायचे नव्हतेच. मज्जातंतूत उमटणारी विजेची लहर त्यांना प्रयोगशाळेत घडवून पाहायची होती. १९६२ साली त्यांनी सहकाऱ्यांसह मेंदूतल्या मेदाचा पडदा तयार केला. मिठाच्या पाण्याच्या दोन कप्प्यांमधल्या बारीक छिद्रावर हा मेद पसरला की तो आपोआप पातळ होत जातो, त्यावरचे रंग मावळतात आणि शेवटी तो काळा दिसतो. तेव्हा त्याची जाडी जेमतेम मेदाच्या दोन रेणूंएवढी उरलेली असते. असा पडदा वीज जवळपास अडवूनच धरतो. १९६८ साली म्युलर-रुडिन यांनी त्यात अलामेथिसिन सोडलं. ट्रायकोडर्मा बुरशीतून मिळणारं हे वीस घटकांचं पेप्टाइड. त्याच्या मदतीने निर्जीव पडद्यावर मज्जातंतूसारखे स्पंद उमटले!

माझ्या मते छिद्राच्या त्या चित्राचा मूळपुरुष हाच प्रयोग. पुढे एकेका छिद्रातून जाणारा प्रवाह मोजता येऊ लागला, तेव्हा तो सलग न वाढता पायऱ्यापायऱ्यांनी चढताना दिसला. त्याचा अर्थ बाउमन आणि म्युलर यांनी १९७४ साली लावला. अलामेथिसिनचे दांडीसारखे रेणू पडद्यात उभे राहतात आणि लाकडी पिंपाच्या फळ्यांसारखे कडं करतात. पाण्याशी जुळणारी बाजू आत, मेदाशी जुळणारी बाहेर. एक फळी वाढली की पिंप रुंदावतं आणि प्रवाह एक पायरी चढतो. पुढे जंतुनाशक पेप्टाइडांच्या अभ्यासकांनी हेच चित्र उचललं.

यावर एक आक्षेप येतो. पॉलिमिक्सिन या जंतुनाशक पेप्टाइडामुळे जिवाणूतला ऐवज बाहेर गळतो, हे १९५०च्या दशकातच ठाऊक होतं; मग मज्जातंतूंकडे कशाला जायचं? पण गळती दिसली म्हणून छिद्राचा आकार कळत नाही. साबणानेही पटल फुटतं आणि गळती होते. भिंत, रुंदी, रेणूंची संख्या ही भाषा विजेच्या मोजमापातूनच आली, यावर मी ठाम आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९९० साली बोमन आणि नोबेलविजेते ब्रूस मेरिफील्ड यांच्या गटांनी सिक्रोपिन, मॅगेनिन आणि मधमाशीच्या विषातलं मेलिटिन यांच्या आरशातल्या प्रतिमा रचल्या, सगळी अमिनो आम्लं उलट्या हाताची. तरीही जंतू मेले. म्हणजे कुलूप-किल्लीसारखा नेमका ग्राहक रेणू लागत नाही. मेदाचं पटलच लक्ष्य. जिवाणूच्या पटलात ऋणभारित मेद भरपूर असतो, त्यामुळे धनभारित पेप्टाइडं तिकडे ओढली जातात. आपल्या पेशींची बाहेरची बाजू बव्हंशी भाररहित, शिवाय कोलेस्टेरॉलमुळे घट्ट. १९९२ साली इस्रायलच्या येखिएल शाय यांच्या गटाने गालिचाचं प्रारूप मांडलं: पेप्टाइडं पटलावर आडवी पसरतात आणि पुरेशी दाटी झाली की पटलच विस्कटतं. इथे पिंपाची गरजच उरत नाही.

मग पिंप खोटं ठरलं का? अलामेथिसिनपुरतं ते आजही टिकून आहे. मॅगेनिनला मात्र ते बसेना. १९९६ साली ह्यूई ह्वांग आणि कात्सुमी मात्सुझाकी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की मॅगेनिनच्या छिद्रात मेदरेणूंची डोकीही आत वळतात आणि पेप्टाइडांबरोबर तीही भिंत बनतात. ह्वांग यांच्या मोजणीत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: मेदाच्या तुलनेत पेप्टाइडांचं प्रमाण एका उंबरठ्यापलीकडे गेल्यावरच ती आडवी पडलेली पेप्टाइडं उभी राहतात. त्यामुळे गालिचा आणि छिद्र हे मला वैरी वाटत नाहीत. अनेक पेप्टाइडांच्या बाबतीत पहिला दुसऱ्याची पूर्वतयारी असावा.

माझा तर्क असा: अभ्यासाची सुरुवात बेडकापासून झाली असती, तर आधी गालिचा सुचला असता आणि पिंप हा एका बुरशीच्या पेप्टाइडाचा अपवाद म्हणून नोंदला गेला असता. मज्जातंतूला शिस्तीची, उघडझाप करणारी वाट लागते. जंतू मारायला तेवढी शिस्त लागत नाही, पटलाची अखंडता मोडली की पुरे. म्हणून नवं पेप्टाइड रचणाऱ्याने नीटनेटक्या छिद्राच्या मागे लागण्याआधी भार, मेदाची जात आणि दाटी या तीन गोष्टी मोजाव्यात.