झडप केव्हा उघडावी?

मूर्तिजापूर जंक्शनवरची अरुंद रुळांची गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत असे. ती सुटताना ज्यांनी ऐकली असेल, त्यांच्या कानांत तो आवाज अजून असेल. प्रथम अवजड, एकेक सुटे असे मोठे फुत्कार येत. पुढे गाडीने वेग घेतला की तेच फुत्कार मऊ आणि घाईचे होत. वेग वाढला म्हणजे आवाज जलद येणार हे उघड आहे. पण तो मऊ का व्हावा, हे कोडे मला लहानपणी पडले होते. उत्तर पुष्कळ वर्षांनी मिळाले. ड्रायव्हर त्या वेळी वाफ आत सोडणाऱ्या झडपेची वेळ बदलीत असे. गाडी हलवताना तो वाफेला दट्ट्याच्या जवळजवळ पाऊण फेऱ्यापर्यंत आत येऊ देई. गाडी धावू लागली की पाव फेऱ्यातच तिचा मार्ग बंद करी. आत कोंडलेली वाफ मग स्वतःच प्रसरण पावून उरलेले काम करी, आणि बाहेर पडताना तिच्यात जोर उरलेला नसे. आवाज मऊ होई तो यामुळे. कोळसा वाचे तोही यामुळेच.

मोटारीच्या संबंधात आज आपण ‘झडपांच्या बदलत्या वेळा’ असे शब्द ऐकतो, त्या कल्पनेची वंशावळ येथून सुरू होते. प्रसरणाने वाफ वाचवण्याच्या युक्तीचे पेटंट जेम्स वॉटने १७८२ साली घेतले. परंतु गाडी धावत असता ही वेळ हवी तशी बदलण्याचे साधन हाती आले ते १८४२ साली, न्यूकॅसल येथील रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात. तेथील विल्यम विल्यम्स आणि विल्यम हाऊ या दोन नोकरांनी इंजिन उलट दिशेने चालवण्यासाठी एक सांधेजोड बनवली. त्याच जोडाने झडप लवकर वा उशिरा बंद करता येते, हा तिचा मोठा गुण मागाहून ध्यानात आला. जोडाला नाव मात्र मालकाचे पडले. दोनच वर्षांनी, १८४४ मध्ये, बेल्जियमच्या सरकारी रेल्वेतील एगीद वाल्शार्ट या फोरमनने याहून सरस योजना काढली; पण फोरमनने पेटंटाचा लाभ घेणे तेथील नियमांत बसत नव्हते असे दिसते, म्हणून अर्ज फिशर नावाच्या एका इंजिनिअरने केला. सरकारी नोकरीत आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्याला या दोन्ही हकिगती परक्या देशातल्या वाटत नाहीत. निदान वाल्शार्टचे नाव तरी टिकले. चित्तरंजनला बांधलेल्या आपल्या डब्ल्यूजी जातीच्या मालगाडी-इंजिनांवर त्याचीच योजना होती.

आता पेट्रोलच्या इंजिनाकडे वळू. १८७६ साली निकोलाउस ऑटोने चार फेऱ्यांचे इंजिन सिद्ध केले: पहिल्या फेऱ्यात दट्ट्या हवा व इंधन आत ओढतो, दुसऱ्यात दाबतो, तिसऱ्यात स्फोटाने खाली ढकलला जातो आणि चौथ्यात जळालेला वायू बाहेर काढतो. डाइम्लरच्या सुरुवातीच्या इंजिनात बाहेरची झडप यंत्राने उघडे. आतली मात्र दट्ट्याच्या ओढीनेच उघडे. लोहाराच्या भात्याला किंवा बाजाच्या पेटीला चामड्याची पाकळी असते, तसाच हा प्रकार. मंद चालणाऱ्या इंजिनाला तेवढे पुरे होते. वेग वाढवायचा तर आतल्या झडपेलाही हुकूम देणारा कोणी हवा होता. १९०१ च्या मर्सिडीझ गाडीत विल्हेल्म मायबाखने आतल्या झडपाही कॅमने, म्हणजे दंडावर बसवलेल्या अंडाकृती चकतीने, उघडल्या; हीच रीत पुढे सर्वमान्य झाली.

इंजिन वेगवान झाले हा लाभ मोठाच. पण कॅमचा आकार आणि त्याची जागा कारखान्यात एकदा ठरली की ठरली. रेल्वेच्या ड्रायव्हरच्या हातात असलेला दांडा मोटारवाल्याच्या हाती कधी आलाच नाही.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. हवेलाही वजन असते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला ५० वेळा उघडते आणि मिटते. इतक्या वेगाने आत शिरणारा हवेचा लोंढा, दट्ट्या तळाशी पोचून वर परतू लागला तरी, आपल्या जोराने आत येतच असतो. म्हणून झडप थोडी उशिरा मिटणे हिताचे. सिलिंडर अधिक भरतो आणि ताकद वाढते. पण तीच गाडी चौकात लाल दिव्यापाशी मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभी असताना हवेला तो जोर नसतो. तेव्हा उशिरा मिटणाऱ्या झडपेतून आत आलेला माल उलट बाहेर ढकलला जातो. आतली झडप उघडणे आणि बाहेरची मिटणे यांत काही क्षण दोन्ही उघड्या राहतात, त्यांचेही असेच. वेगात हा संधिकाल उपकारक असतो. मंद गतीत त्यामुळे जळालेला वायू ताज्यात मिसळतो आणि इंजिन अडखळते. शर्यतीच्या गाड्या उभ्या असता गुरगुरतात, कुटुंबाच्या गाड्या घाटात धापा टाकतात, याचे मूळ येथे आहे. कॅम घडवणाऱ्याला कोणती तरी एकच वेळ निवडावी लागे. वैशाखातही आणि पौषातही कचेरीची तीच घटका, तसा हा कारभार होता.

हे शास्त्र इंजिनिअरांना ठाऊक नव्हते असे नाही. पेटंटे निघत होती. पण पेट्रोल स्वस्त होते, आणि चार पैशांच्या बचतीसाठी नाजूक यंत्रणा कोण बसवणार? माझ्या मते या इतिहासाची कळ फिरवली ती कल्पकतेने नव्हे, कायद्याने आणि तेलाच्या किमतीने. अमेरिकेत १९७० साली हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा झाला. १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. १९७५ मध्ये मोटारींनी एका गॅलनमागे किती मैल जावे याचाही कायदा आला. इटलीच्या आल्फा रोमिओ कंपनीची स्पायडर ही तेज गाडी अमेरिकेत विकायची, तर उभ्या इंजिनातून निसटणारे कच्चे इंधन थांबवणे भाग होते. जाम्पाओलो गार्चेआ या इंजिनिअरने कॅमचा दंड तेलाच्या दाबाने थोडा पुढे फिरवण्याची योजना केली, आणि १९८० साली ती विक्रीच्या गाडीत आली. वेळा दोनच होत्या. तरी कॅमच्या चाकोरीतून सुटका झाली.

यानंतर जपानने मुसंडी मारली. १९८९ साली होंडाने इंटेग्रा गाडीत व्हीटेक नावाची योजना आणली. तीत एकाच दंडावर मंद गतीसाठी एक आणि वेगासाठी दुसरा, अधिक उंच, असे वेगळे कॅम होते. ठरावीक वेगाला तेलाच्या दाबाने एक खिळ सरके आणि झडपा दुसऱ्या कॅमच्या ताब्यात जात. १.६ लिटरच्या इंजिनातून १६० अश्वशक्ती निघाली, म्हणजे लिटरमागे १००. याच कंपनीने १९९१ मध्ये तीच युक्ती उलट हेतूने वापरली: मंद गतीत सिलिंडरची एक आतली झडप जवळजवळ मिटलेली ठेवून थोड्या इंधनात ज्वलन नीट घडवले. एकच यंत्र ताकदीला जुंपता येते, काटकसरीलाही. जाहिराती मात्र दोन्ही एकदम मिळतात असे सुचवतात. केवळ झडपांची वेळ बदलल्याने होणारी बचत बहुधा शेकडा पाचाच्या आतच राहते. १९९५ मध्ये टोयोटाने वेळ पायरीपायरीने नव्हे तर सलग बदलणारी योजना आणली, आणि मग ही गोष्ट सर्रास झाली. आपल्याकडे होंडा सिटीच्या पाठीवर दिसणारी ‘आय-व्हीटेक’ ही अक्षरे या घराण्यातलीच.

काटकसरीचा मोठा प्रश्न याहून वेगळा होता. पेट्रोलचे इंजिन हळू चालवायचे म्हणजे त्याच्या हवेच्या वाटेत थ्रॉटलची पाकळी आडवी करायची; म्हणजे नाक दाबून धरायचे आणि धावायला सांगायचे. दट्ट्याची बरीच मेहनत नुसती हवा ओढण्यात जाते, आणि शहरात गाडी बहुतेक वेळ अशीच चालते. २००१ साली बीएमडब्ल्यूने झडप किती उघडावी हेच बदलते केले आणि नेहमीच्या चालीत थ्रॉटलची गरज जवळजवळ संपवली.

पण मला अधिक मौज वाटते ती जेम्स ॲटकिन्सनच्या इंजिनाची. प्रसरणाचा फेरा दाबण्याच्या फेऱ्याहून लांब असावा, म्हणजे वायूतला जोर पुरता वसूल होईल, हा त्याचा आग्रह. त्यासाठी त्याने १८८० नंतरच्या दशकात दांड्यांची मोठी गुंतागुंत रचली. ती चालली नाही. टोयोटाने १९९७ साली प्रियस गाडी काढली तेव्हा दांडे जसेच्या तसे ठेवले आणि आतली झडप मुद्दाम उशिरा मिटवली. थोडी हवा परत जाते, दाबण्याचा फेरा आखूड पडतो, प्रसरणाचा पुरा राहतो. ताकद कमी होते. ती भरून काढायला विजेची मोटर शेजारी असते.